फ्लॉप्यांबरोबरचे कागद रद्दीत देऊ नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईविषयी आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला, त्यातील एका परिच्छेदाबद्दल हे पत्र लिहीत आहे. जुन्या फ्लॉप्या, त्यांची खोकी आणि त्यांच्यासोबत आलेली माहितीपुस्तके निःशंकपणे रद्दीत द्यावीत, कारण डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या संगणकप्रणालीच्या, काळातले खेळ आजच्या संगणकावर चालतच नाहीत, असा सल्ला लेखकाने दिला आहे. त्यातले कारण चुकीचे आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कायमचे नुकसान करणारा आहे. खेळ चालतात, मी स्वतः रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास ते चालवतो. अडते ते कागदांवाचून, आणि नेमके तेच कागद टाकून द्यायला आपल्या पुरवणीने वाचकांना सांगितले आहे.

मी बोलतो आहे ते विशेषतः रोल प्लेइंग गेम या प्रकाराबद्दल. यात खेळणारा एक किंवा अनेक पात्रे घडवतो, त्यांना घेऊन नगरे, तळघरे आणि रानेवने पालथी घालतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, आणि एकेक कथा पुरी व्हायला दोन-तीन महिने सहज लागतात. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-बारा वर्षे हा प्रकार डॉसवर भरभराटीला आलेला होता. नाशिकमध्येही तो खेळला जात होता. ज्यांच्या घरी किंवा कचेरीत संगणक होता, अशा मोजक्या लोकांमध्ये हे खेळ हातोहात फिरत, आणि त्यांतल्या अनेकांच्या माळ्यावर त्यांची खोकी आजही पडून असतील, याची मला खात्री वाटते.

हे खेळ चालत नाहीत हा समज कसा पसरला, ते समजण्यासारखे आहे. जुन्या खेळाची फाइल आजच्या विंडोजमध्ये उघडू गेल्यास हे ॲप तुमच्या संगणकावर चालू शकत नाही अशा अर्थाची सूचना येते आणि बहुतेक माणसे तिथेच थांबतात. डॉसमधले बहुतेक खेळ १६ बिटांच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले होते. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये अशा प्रोग्रॅमसाठी वेगळी सोय ठेवलेली असे आणि ती सोय प्रोसेसरच्या एका खास अवस्थेवर विसंबलेली होती, जिच्यात तो जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखा वागतो. प्रोसेसर ६४ बिटांच्या पद्धतीने काम करू लागला की ती अवस्था वापरता येत नाही, त्यामुळे ६४ बिटांच्या विंडोजमधून ती सोयच गेली. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांचीच येते. म्हणजे विंडोज ते खेळ थेट चालवत नाही एवढेच खरे आहे. त्यावरून संगणक ते चालवू शकत नाही असे म्हणणे चूक ठरते.

या अडचणीवर २००२ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला डॉसबॉक्स हा मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्रॅम गेली वीसहून अधिक वर्षे उपाय पुरवीत आहे. तो विंडोजकडे कसली परवानगी मागत बसत नाही. ३८६ किंवा ४८६चा प्रोसेसर, चित्रासाठी व्हीजीए कार्ड, आवाजासाठी साउंड ब्लास्टर कार्ड, माऊस आणि डॉसच्या आज्ञा असे त्या काळचे सगळे यंत्रच तो एका खिडकीत सॉफ्टवेअरने उभे करतो, आणि खेळाला आपण १९९२ सालच्या टेबलावर नाही याचा पत्ताही लागत नाही. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर तो चालतो. त्यातून पुढे निघालेल्या डॉसबॉक्स स्टेजिंग आणि डॉसबॉक्स-एक्स या शाखांवर आजही काम सुरू असून, नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्टेजिंग घ्यावी असे मी सुचवेन, कारण तिच्यात बऱ्याच गोष्टी आधीच नीट लावून ठेवलेल्या असतात.

करायचे काम थोडे आहे. खेळाच्या सर्व फाइल एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, डॉसबॉक्स सुरू करून 'माउंट' या आज्ञेने तो फोल्डर 'सी' ड्राइव्ह म्हणून जोडायचा, तिथे जाऊन खेळाच्या फाइलचे नाव टंकायचे. आवाजासाठी खेळाने साउंड कार्डाच्या जोडणीचे तीन आकडे, म्हणजे पत्ता, आयआरक्यू आणि डीएमए, विचारले तर अनुक्रमे २२०, ७ आणि १ असे सांगायचे. त्या काळी या तीन आकड्यांपायी आमच्या घरी रविवारच्या रविवार वाया जात. आता ते पाठ असले की पुरे. वेगाची गोष्ट मात्र जरा समजून घ्यावी लागते. मूळ आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता आणि अनेक जुने खेळ घड्याळ न पाहता, प्रोसेसरला एखादी मोजणी करायला जो वेळ लागतो त्यावरच आपला ताल धरत. वेगवान यंत्रावर असा खेळ सुटला की लढाईतला संदेश डोळ्यांना दिसण्याआधीच नाहीसा होतो. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ११ दाबून वेग कमी करता येतो, कंट्रोल आणि एफ१२ दाबून वाढवता येतो. दोन-चार वेळा मागेपुढे केले की खेळ आपल्या मूळ चालीवर येतो.

आणखी दोन बाबी लोकांना छळतात. पहिली चित्राची. त्या काळातले बरेच खेळ ३२० बाय २०० ठिपक्यांत रेखाटलेले होते, पण ते ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर दिसत, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच असे. आजच्या पडद्यावर ठिपके चौकोनी असल्याने सगळी माणसे बुटकी आणि रुंद दिसू लागतात. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'आस्पेक्ट' चालू केले की चेहरे पूर्ववत होतात, आणि चित्रकाराने जे काढले तेच पाहायचे असेल तर हे केलेच पाहिजे. दुसरी बाब कळफलकाची. पूल ऑफ रेडियन्ससारख्या खेळांत लढाईच्या वेळी तिरके चालण्यासाठी उजवीकडच्या अंकांच्या कळा लागतात आणि बऱ्याच लॅपटॉपवर त्या नसतात. थोडे पैसे वाचवण्यासाठी कळा बदलत बसण्यापेक्षा बाहेरून लावायचा साधा कळफलक घ्यावा हे बरे, पण कळा बदलायच्याच असतील तर कंट्रोल आणि एफ१ दाबून तेही करता येते.

काही खेळ त्यांच्या काळातही हट्टी होते. अल्टिमा ७ हा १९९२ सालचा खेळ स्मृतीची व्यवस्था स्वतःच्या पद्धतीने लावत असे आणि ईएमएम३८६ हा स्मृती सांभाळणारा, त्या काळी सर्रास लागणारा प्रोग्रॅम चालू असला तर तो सुरूच होत नसे. त्यासाठी वेगळी बूट फ्लॉपी बनवून ठेवावी लागे. आज डॉसबॉक्समध्ये एक्स्पांडेड मेमरी बंद ठेवली की काम होते, आणि ते नको असेल तर एक्झल्ट नावाचा प्रोग्रॅम मूळ खेळाच्या फाइल घेऊन तो खेळ आजच्या विंडोजवर थेट चालवतो. आय ऑफ द बिहोल्डर आणि लँड्स ऑफ लोअर या खेळांसाठी स्कमव्हीएम हा तसाच दुसरा प्रोग्रॅम आहे. ज्यांना नुसते चाखून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी १९९४ सालचा अरेना आणि १९९६ सालचा डॅगरफॉल हे दोन्ही खेळ त्यांच्या निर्मात्यांनीच अनुक्रमे २००४ आणि २००९ साली मोफत केले आहेत. बाकीचे बरेच खेळ आता रीतसर विकत मिळतात आणि त्यांच्यासोबत डॉसबॉक्सही जोडून येतो.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, यंत्राचा प्रश्न जगभरातल्या चिकाटीच्या लोकांनी सोडवलेला आहे आणि त्याची काळजी आता नाशिककरांनी करण्याची गरज उरलेली नाही. कागदांचा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या घरातच सुटू शकतो.

हे खेळ कागदावर इतके का विसंबून होते? एक कारण जागेचे. एका सव्वापाच इंची फ्लॉपीवर ३६० किलोबाइट मावत आणि डॉसमध्ये प्रोग्रॅमला थेट मिळणारी स्मृती ६४० किलोबाइट होती. चित्रे, नकाशे आणि नियम बसवल्यावर गोष्टीसाठी जागा उरत नसे. म्हणून गोष्ट छापून देत. १९८८ सालच्या वेस्टलँडमध्ये ठरावीक जागी पोहोचल्यावर पडद्यावर फक्त परिच्छेदाचा क्रमांक येतो आणि तो परिच्छेद पुस्तिकेत वाचायचा असतो. उतावळेपणाने सगळी पुस्तिका आधीच वाचून काढणाऱ्यांना चकवण्यासाठी त्यांत खेळात कधीच न येणारे खोटे परिच्छेदही मुद्दाम छापलेले आहेत. त्याच वर्षीच्या पूल ऑफ रेडियन्समध्ये पडद्यावर दिसते ते 'रोजनिशीतील अमुक नोंद पाहा' एवढेच. खोक्यातल्या रोजनिशी नावाच्या पुस्तिकेत ती नोंद उघडावी तर कधी पत्र निघते, कधी फाटका नकाशा, कधी खाणावळीत ऐकलेली अफवा, आणि त्या अफवांतल्या काही खऱ्या तर काही खोट्या असतात. पुस्तिका नसलेल्या माणसाने हा खेळ खेळणे म्हणजे कीर्तनाला जाऊन नुसती टाळांची साथ ऐकून येणे आहे.

दुसरे कारण कुलपाचे. खेळाची नक्कल कोणी केली तर ती त्याला चालवता येऊ नये म्हणून सुरुवातीलाच एखादा प्रश्न विचारला जाई आणि त्याचे उत्तर खोक्यातल्या कागदावरच असे. पूल ऑफ रेडियन्सच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन चकत्या मधोमध रिव्हेटने जोडलेल्या होत्या. पडद्यावर दिसणारी चिन्हे त्या चकत्या फिरवून जुळवायची आणि मिळणारा शब्द टंकायचा. ही चकती कुलपापुरतीच असती तर तिच्याबद्दल इतके लिहिले नसते, कारण कुलूप काढून टाकता येते. पण त्याच खेळात पुढे एका पडक्या किल्ल्यात जावे लागते, तिथे एक चर्मपत्र सापडते, त्यावर चिन्हांमध्ये काही शब्द लिहिलेले असतात आणि तिथल्या मृत पहारेकऱ्यांना सामोरे जाताना तेच परवलीचे शब्द लागतात. ते शब्द त्याच चकतीवर उलगडतात. त्या रात्री हातातली पुठ्ठ्याची वस्तू एकाएकी गोष्टीतली वस्तू होते. अल्टिमा ७मध्ये तर हा प्रश्न नगराचा प्रमुख स्वतः विचारतो, पुस्तिकेत आणि नकाशात पाहिल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही आणि उत्तर दिल्याशिवाय वेशीबाहेर जाण्याचा परवलीचा शब्द मिळत नाही. त्याच जगातल्या पाट्या रूनिक लिपीत आहेत आणि त्या लिपीची किल्ली पुस्तिकेत आहे. माझ्या आजोबांकडे मोडीतली काही खरेदीखते होती. ती वाचायला शिकताना एकेक अक्षर जसे ओळखीचे होत गेले, तसेच त्या पाट्यांचे झाले, आणि महिन्याभरात मी किल्ली न पाहता दुकानांची नावे वाचू लागलो.

यांतला १९८५ सालचा अल्टिमा ४ हा खेळ तर मराठी वाचकाला फार जवळचा वाटावा असा आहे, आणि तो आज अधिकृतपणे मोफत मिळतो. त्यात मारण्यासाठी कोणी खलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि विनम्रता हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' होणे हे खेळाचे उद्दिष्ट आहे, आणि तो शब्द खेळात आपल्याच भाषेतला आहे. प्रत्येक गुणाच्या देवस्थानी जाऊन त्या गुणाचा मंत्र म्हणत ध्यान करायचे असते. अध्यात्माचा मंत्र 'ओम' आहे. वनौषधी विकणारी स्त्री अंध आहे. ती नाणी मोजू शकत नाही, तुम्ही कमी दिली तरी माल देते आणि काहीही बोलत नाही. मात्र खेळ ते लक्षात ठेवतो आणि तुमचा प्रामाणिकपणा घटतो. अकरावीत असताना मी तिला सलग तीन वेळा फसवले होते, आणि पुढे देवस्थानी ध्यानाला बसल्यावर मला काही साधेना तेव्हा ते का, हे कळायला आठवडा गेला. त्या खेळाच्या खोक्यात दोन पुस्तिका, कापडावर छापलेला नकाशा आणि धातूचे एक चिन्ह मिळत असे. मंत्रविद्येच्या सर्व कृती पुस्तिकेतच आहेत: जिनसेंग आणि लसूण एकत्र केले की विष उतरवणारा मंत्र तयार होतो, हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नाही.

कागदाचा तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा असूनही कोणत्याही खोक्यात मिळत नसे, आणि तो म्हणजे खेळणाऱ्याने स्वतः काढलेले नकाशे. आय ऑफ द बिहोल्डर हा १९९१ सालचा खेळ बारा मजल्यांच्या तळघरात घडतो आणि नकाशा दाखवण्याची सोय त्यात अजिबात नाही. ग्राफ पेपरवर एका चौकटीला एक पाऊल असे धरून भिंती, दारे, गुप्त कळा, पाय ठेवताच उघडणारे खड्डे आणि न कळत दिशा फिरवणाऱ्या जागा स्वतःच आखाव्या लागत. मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून आम्ही विज्ञानाच्या प्रयोगांसाठी म्हणून ग्राफ पेपर आणत असू. प्रयोगांना चार लागत आणि खेळाला चाळीस.

हे 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा दादा. तो सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि १९९२ साली त्याने दोन मेगाबाइट स्मृतीचा ३८६ संगणक हप्त्यांवर घेतला. त्याचा एक मित्र अमेरिकेहून येताना पूल ऑफ रेडियन्सचे खोके घेऊन आला होता. बाकीचे खेळ आमच्याकडे नकला म्हणूनच आले, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या वेळी नाशिकमध्ये ते विकत मिळत नव्हते आणि पुस्तिकांच्या झेरॉक्स प्रतींच्या झेरॉक्स प्रती फिरत, त्यांतले नकाशे काळे पडलेले असत. आज जे विकत मिळते ते मी विकत घेतले आहे आणि वाचकांनीही घ्यावे. इंग्रजी कच्चे असल्याने मला कळत नसलेल्या शब्दांचे अर्थ दादाने रोजनिशीच्या समासात पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवले होते. कोणत्या नोंदी खोट्या आहेत हे कळत गेले तसे त्याने त्यांच्यापुढे फुल्या मारल्या आणि दोन ठिकाणी फुली खोडून 'खरे निघाले' असे लिहिले.

२००८च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला आणि सराफ बाजारालगतच्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर पाणी शिरले. फ्लॉप्या आणि हे कागद ठेवलेली ट्रंक खालीच होती. पुढे ती वाळवून वर्षानुवर्षे तशीच ठेवलेली होती आणि तीन वर्षांपूर्वी मी ती उघडली. साडेतीन इंची फ्लॉप्या एकतीस होत्या. त्यांतल्या ज्यांच्या चकतीवर बुरशीचे पांढुरके डाग दिसले त्या मी बाजूला काढल्या, कारण अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर तीही खरवडली जाते आणि ड्राइव्हचे डोकेही घाण होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉपीचे नुकसान करते. उरलेल्यांतल्या एकोणीस यूएसबी ड्राइव्हवर वाचल्या गेल्या. सव्वापाच इंची फ्लॉप्यांसाठी असा सरळ जोडता येणारा ड्राइव्ह मिळत नाही, त्यांना जुना ड्राइव्ह आणि चुंबकीय लहरी जशाच्या तशा टिपणारे वेगळे यंत्र लागते, तेव्हा पूल ऑफ रेडियन्स मी नव्याने विकत घेतला आणि पाऊण तासात तो पडद्यावर सुरू झाला. म्हणजे खेळ परत मिळाला. रोजनिशीची मधली पाने मात्र एकमेकांना चिकटून लगदा झाली होती. छापील मजकूर मला विकतच्या प्रतीसोबत पीडीएफ स्वरूपात मिळाला. त्यात दादाचा समास नव्हता.

आपल्या लेखाने दिलेला सल्ला किती महाग पडू शकतो, हे मला इथे दिसते. फ्लॉपीवरच्या फाइल जगात हजारो ठिकाणी आहेत. छापील पुस्तिकाही पुष्कळशा स्कॅन झाल्या आहेत, जरी कापडी नकाशाच्या घड्यांमधली बारीक अक्षरे आणि फिरत्या चकत्या सपाट चित्रात नीट येत नाहीत हा माझा अनुभव आहे. पण नाशिकमधल्या एखाद्या मुलाने १९९०च्या दशकात काढलेला बारा मजल्यांचा नकाशा, त्याने मराठीत केलेली शब्दांची यादी, अंध विक्रेतीपुढे लिहिलेले 'हिला पूर्ण पैसे द्यावेत' असे टिपण, हे एकाच प्रतीत असते आणि ते रद्दीत गेले की संपते. मराठी माणसांनी संगणकावरचे पहिले खेळ कसे वाचले आणि कसे समजून घेतले, याचा दुसरा कोणताही पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

सरकारी व्यवस्थाही या बाबतीत मदतीला येत नाही. ग्रंथ व वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याविषयीचा १९५४चा कायदा भारतात प्रकाशित होणारी पुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्यापुरता आहे; परदेशातून आलेली खेळाची पुस्तिका किंवा फ्लॉपी त्यात कुठेच बसत नाही. दुसरीकडे, १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये अशी तरतूद आहे की, संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याने ती हरवू किंवा बिघडू नये म्हणून स्वतःच्या वापरासाठी राखीव प्रत काढली तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. त्यामुळे स्वतःकडच्या अस्सल फ्लॉपीवरून फाइल उतरवून घ्यायला कोणी घाबरू नये. मात्र खेळ जुना झाला किंवा कंपनी बंद पडली म्हणून तो कोणाचाच राहिला नाही असेही कोणी समजू नये, कारण हक्क इतक्या लवकर संपत नाहीत.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली आपल्याला: पुढच्या रविवारच्या पुरवणीत तो सल्ला दुरुस्त करावा आणि वाचकांना सांगावे की माळा आवरताना फ्लॉप्यांच्या खोक्यात पुस्तिका, नकाशे, फिरत्या चकत्या किंवा आखलेल्या वह्या असतील तर त्या निदान वेगळ्या काढाव्यात. रबर असेल तर काढून टाकावे, कारण ते वितळून कागदाला चिकटते. गंजलेल्या टाचण्या हळूच सोडवाव्यात. चकत्यांमधली रिव्हेट मात्र काढू नये आणि कशालाही लॅमिनेशन करू नये. फोनने भरपूर उजेडात काढलेला पानापानाचा फोटो हासुद्धा काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ आहे, फक्त समासासकट काढावा.

दुसरी विनंती आपल्या शहरातल्या सार्वजनिक वाचनालयाला आहे. १८४० पासून ज्या संस्थेने नाशिककरांचे वाचन सांभाळले, तिने अशा कागदांसाठी एक कपाट आणि दाखल नोंदवहीत एक सदर द्यावे. खेळाची पुस्तिका ही छापील पुस्तिकाच आहे आणि आखलेली वही हे हस्तलिखितच आहे, तेव्हा त्यासाठी नवे नियम करावे लागतील असे मला वाटत नाही. कपाटाशेजारी एखादा जुना संगणक ठेवता आला तर त्यावर डॉसबॉक्स बसवून देण्याचे आणि तो चालू ठेवण्याचे काम मी दर शनिवारी विनामूल्य करीन. त्याला फारशा ताकदीचे यंत्र लागत नाही, दहा वर्षांपूर्वीचा कचेरीतून बाद झालेला संगणकही पुरतो. माझ्याकडे वाचल्या तेवढ्या पुस्तिका, ती चकती आणि रोजनिशीची उरलेली पाने मी पहिल्या दिवशी तिथे जमा करायला तयार आहे.

शेवटी एक वैयक्तिक चौकशी, जी या पत्राच्या विषयाबाहेरची नाही म्हणून करतो. आय ऑफ द बिहोल्डरच्या बारा मजल्यांचे दादाने आणि मी मिळून काढलेले नकाशे एका शंभर पानी वहीत ग्राफ पेपर चिकटवून ठेवलेले होते. वहीला तपकिरी कागदाचे वेष्टण आहे, आतल्या पानावर तांबड्या शाईने खुणांची यादी आहे आणि सातव्या मजल्याचा नकाशा चुकल्यामुळे त्यावर दुसरा कागद डकवलेला आहे. १९९५च्या उन्हाळ्यात कॉलेज रोडला राहणारा माझ्या संगणक वर्गातला एक मुलगा ती वही आठ दिवसांसाठी घेऊन गेला, त्यानंतर त्याचे कुटुंब शहर सोडून गेले आणि वही परत आली नाही. त्याच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. ती कोणाच्या माळ्यावर सापडली तर आपल्या कार्यालयात आणून द्यावी, मी येऊन घेऊन जाईन. दादा यंदा निवृत्त झाला आहे, त्याने पहिल्या मजल्यापासून पुन्हा खेळायला घेतले आहे आणि सध्या तो चौथ्या मजल्यावर आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
गंगापूर रोड, नाशिक